एका सकाळची हळद

वेलचेरी, ११ जून

अहो,

मायना एवढाच. 'तीर्थरूप' लिहायला हात उचलत नाही आणि 'प्रिय' लिहिलं तर तुम्हाला वाटेल मी नमले. 'अहो' म्हणून एकतीस वर्षं हाक मारली, तीच पुढे चालू.

पत्र कशाला, असं ऊर्मीनेही विचारलं. "आई, सीरियसली? पोस्टाने?" म्हणाली. तुम्ही माझा फोन उचलत नाही, नुसते निरोप पाठवता. उचललात तर माझं वाक्य अर्ध्यावर तोडता. कागदाला मध्येच 'बरं बरं, कळलं' म्हणता येत नाही. फाडायचा असेल तर फाडा, पण तोवर वाचून झालेला असेल.

तुमचा कालचा निरोप मिळाला. 'मृग लागला. इकडे पेरण्या चालू झाल्या. तू पण लगेच भात टाकून घे, नाहीतर सुरूची झाडं लावून मोकळी हो.' अहो, सांगलीत मृग लागला असेल. तुम्ही एकतीस वर्षं इथल्या रेल्वेच्या कारखान्यात नोकरी केलीत. दर जूनला छत्री घेऊन घरातून निघालात आणि घामाने भिजून परत आलात. तरी तुमच्या लक्षात आलं नाही की चेन्नईचा पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि समुद्राकडून येतो. आत्ता माझ्या शेतात ढेकळं तापून फुटताहेत. त्यात भात टाकलं तर लाह्या होतील.

सुरूच्या झाडांचंही समजलं. शहरात राहणारे जमीनमालक लावतात ती. एकदा रोपं टोचायची आणि चार वर्षांनी लाकूड मोजायला जायचं. शेत आहे असं सांगता येतं आणि शेती करावी लागत नाही. तुम्हाला ते आवडणार यात नवल नाही.

आता मुद्द्याचं. गुम्मिडिपूंडीला आपल्या शेताच्या आसपास गोदामं उभी राहताहेत आणि त्यांना आपला तुकडा हवा आहे. तुम्हाला तो विकून सांगलीत घर बांधायचं आहे. जमिनीचा पट्टा दोघांच्या नावावर आहे, कारण तुमच्या पगाराच्या थकबाकीबरोबर त्यात माझ्या पाटल्याही गेल्या. म्हणून माझ्या सहीवाचून तुमचं अडलंय, आणि मी सही देत नाही म्हणून तुम्ही भावाकडे जाऊन राहिला आहात. एवढंच आमचं भांडण, असं तुम्ही नातेवाइकांना सांगता.

एवढंच नाही. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात तुम्ही माईकवरून जाहीर केलंत, 'आता आम्ही दोघं गावी जाणार.' लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला कळलं की मी गावी जाणार आहे. मी पण टाळ्या वाजवल्या, हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

शेत तोट्यात आहे म्हणता, ते खरं आहे. मागच्या हंगामात भात कापणीला आलं आणि पाऊस लागला. ओलं म्हणून खरेदी केंद्रावरून परत आलं आणि मिळेल त्या भावाने गेलं. तेव्हा अट मीच घालते, तुम्ही घालायची वाट बघत नाही. या पोंगलपर्यंत, तुमच्या संक्रांतीपर्यंत, शेताने आपला खर्च भागवून वर काही दिलं नाही, तर पोंगलच्या दुसऱ्या दिवशी मी सही करीन. पण तोवर त्या मातीत काय जाईल ते मी ठरवणार. तुम्ही नाही, तुमचे भाऊ नाहीत आणि मृगही नाही.

अलकनंदा

वेलचेरी, २९ जुलै

अहो,

ऊर्मीने तुम्हाला शेताचा फोटो पाठवला, हे तुमच्या निरोपावरून कळलं. 'हळद? डोकं ठिकाणावर आहे का?'

आहे. वरच्या निम्म्या भागात उंच वाफे करून हळद लावली आहे. खालच्या निम्म्या भागात सप्टेंबरात भाताची लावणी होईल, चार लोकांसारखी. सगळी अंडी एका टोपलीत ठेवण्याइतकी मी वेडी नाही.

तुम्ही सांगलीचे. तुमच्या घरात हळद म्हणजे हळकुंड. आजोबांची पेवं होती, वडील बाजार समितीत बोली लावायचे, हे मी लग्न ठरल्यापासून ऐकते आहे. म्हणून तुम्ही मोठ्या अधिकाराने कळवलंत की हळदीला नऊ महिने लागतात, ती शिजवायला काहील कुठून आणणार, वाळवायला जागा कुठे, आणि सांगलीत यंदा भाव उतरलाय. सगळं बरोबर आहे, सांगलीत.

मी ही हळद शिजवणार नाही आणि वाळवणारही नाही. पोंगलच्या सकाळी इथे घरोघर नव्या भांड्यात दूध उतू घालवतात ना, त्या भांड्याच्या गळ्याला काय बांधलेलं असतं? हळदीचं ओलं रोप, पानांसकट, गड्ड्यासकट. तेवढ्यासाठी हे पीक लावतात आणि सहा महिन्यांत उपटून जुड्या करून विकतात. शेजाऱ्यांकडचा पोंगलचा गूळभात इतकी वर्षं तुम्ही दोनदोनदा वाढून घेतलात, पण भांड्याकडे पाहिलं नाहीत.

हे मला अन्नपूर्णाबाईंनी शिकवलं. त्याच, वरच्या मजल्यावरच्या, तंजावरच्या. ज्यांच्या मराठीला तुम्ही लिफ्टमध्ये हसायचात. लहानपणी त्यांच्याकडे शेती होती. मला म्हणाल्या, "पाणी उभं राहिलं कीं मंजळ गेलं, समजलं कां? वाफा गुडघ्यापरी उंच कर मा. अमचे अप्पा तसंच करायचे." मंजळ म्हणजे हळद. मी गुडघ्यापेक्षा उंच केला.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न. 'गेल्या पोंगलला लोकांनी फेकून दिली तीच हळद?' होय, तीच. त्याच्या आदल्या वर्षी भाव चढला होता म्हणून जो तो हळदीमागे लागला. गेल्या वर्षी कोयंबेडूच्या घाऊक बाजाराबाहेर जुड्यांचे ढीग पडले आणि गाईंनी तुडवले. आता हात पोळलेत, म्हणून कोणी लावत नाही. शेजारच्या शेतातल्या मुनियम्माने माझे वाफे बघून कपाळाला हात लावला. तिने संपूर्ण शेतात भातच धरलंय. सगळे नको म्हणताहेत, म्हणूनच मी लावली. गेल्या वर्षीचा भाव बघून पेरणारा माणूस गेल्या वर्षीच्या बाजाराला माल नेतो, आणि तो बाजार तर उठलेला असतो.

भीती वाटत नाही असं नाही. हे पीक एका सकाळचं आहे. आदल्या दिवशी लोक मागून नेतात आणि दुसऱ्या दिवशी फुकट दिलं तर दार लावून घेतात. पण ही भीती माझी मी घेतलेली आहे. तुमच्या निरोपांनी ती वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

अलकनंदा

वेलचेरी, ५ नोव्हेंबर

अहो,

हळद कमरेला लागली आहे. भातही चांगलं आहे. पाऊस लागला, आणि आता टीव्हीवर रोज समुद्रातला तो गोल फिरणारा ढग दाखवतात.

शेतावर व्यापारी आला होता, हे तुम्हाला ऊर्मीकडून कळलंच आहे. तिला मी बोल लावत नाही. तिलाही तुम्ही हवे आहात, आणि तिने मधे पडून किती दिवस चालवायचं हेही तिला कळत नाही. पण 'देऊन टाक, हातचं सोडू नको' हा तुमचा निरोप येईपर्यंत मी त्याला वाटेला लावलं होतं.

त्याचं म्हणणं होतं की उभं पीक आत्ताच द्या. बुडालं तर नुकसान माझं, तुम्ही निवांत. भाव मात्र निम्मा. मी विचारात पडले, खोटं का बोलू. तुम्हाला द्यायची सही, भाताचा मागचा अनुभव, सगळं डोळ्यांपुढे आलं. तोंडावर 'बरं' आलंच होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "अम्मा, वीट्टुक्काररना विचारून सांगा." म्हणजे घरच्या पुरुषाला.

मी म्हटलं, "विचारलं. नको म्हणतात."

तुम्ही म्हणाल, रागाने व्यवहार होत नाहीत. निम्मा रागानेच केला. उरलेला निम्मा असा, की तो माणूस पावसाच्या तोंडावर बुडण्याची जोखीम अंगावर घ्यायला तयार होता. उगीच तयार होईल का? त्याने चार गावं फिरून बघितली असणार, आणि हळद कुठेच नसणार.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. अन्नपूर्णाबाई रसम घेऊन खाली आल्या आणि मी भात कालवून बोटं फिरवत बसले. तुम्ही इथे असतात तर ओरडला असतात. रिकाम्या खुर्चीपेक्षा ते बरं वाटलं असतं, एवढं लिहिते आणि पुढे जाते.

पुढे काही नाही. पाऊस वाढतोय.

अलकनंदा

वेलचेरी, ९ डिसेंबर

अहो,

अक्षर वाकडं आहे, कारण उजवं मनगट बांधलेलं आहे. त्याचं काही नाही.

वादळ येणार म्हटल्यावर वेलचेरीतल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे गाड्या पाण्यात बुडू नयेत म्हणून नेऊन उड्डाणपुलावर लावल्या. ऊर्मीनेही लावली आणि दूध, मेणबत्त्या आणायला गेली. तेवढ्यात मी पिशवी भरली. ती दारातच भेटली. "आई, तिकडे जाऊन तू काय करणार? वादळ थांबवणार?" म्हटलं, शेत बघणार. ती रडवेली झाली, पण बाजूला झाली. अन्नपूर्णाबाई तिच्या सोबतीला थांबल्या. मी बीच स्टेशनवरून गुम्मिडिपूंडीची गाडी धरली. त्यानंतर दोन दिवस गाड्या बंद होत्या.

मुनियम्माकडे राहिले. पाऊस कसा होता ते सांगत नाही, तुम्ही टीव्हीवर पाहिलात. सकाळी उजाडल्यावर आम्ही दोघी शेतावर गेलो. तिचं शेत सखल, ते दिसतच नव्हतं. आपल्याकडे खालचं भात अजून उभं होतं, नुकतं निसवलेलं. वरच्या हळदीत सऱ्या भरून पाणी वाफ्यांच्या कडेला लागलं होतं. मधल्या बांधामुळे ते खाली उतरत नव्हतं. तो बांध मीच भाताला जपायला उंच केला होता.

आता बघा. बांध ठेवला तर भात वाचेल आणि हळद सडेल. बांध फोडला तर वरचं सगळं पाणी भातावर जाईल. मुनियम्मा म्हणाली, "अक्का, फोडू नको. भाताला सरकारचा भाव आहे. मंजळला कोण आहे?" तुम्हीही हेच म्हणाला असतात, आणि चूक म्हणाला नसतात. पण सरकारचा भाव कोरड्या भाताला आहे, हे मागच्या वर्षी मी शिकले होते. ते भात वाचलं तरी महिनाभर पाऊस बघणार होतं.

मी फावडं घातलं. तिसऱ्या-चौथ्या घावाला पाय घसरला आणि हातावर पडले. मुनियम्माने फावडं माझ्या हातातून ओढून घेतलं आणि उरलेला बांध तिने फोडला. स्वतःचं शेत पाण्याखाली असताना, मला शिव्या देत देत.

भात गेलं. हळदीचे खालच्या कडेचे वाफे पिवळे पडले आहेत, वरचे उभे आहेत.

रडले नाही, असं लिहिणार होते. रडले. तिच्या ओसरीवर बसून चांगली हुंदके देऊन रडले. ती लोंबी इतकी कोवळी होती.

तुमचा निरोप मिळाला. 'सांगितलं होतं.' होय, सांगितलं होतंत. सुरूची झाडं लाव म्हणून सांगितलं होतंत. ती पलीकडच्या गावात रांगेने आडवी पडली आहेत, आणि सगळ्यांची एकदम पडल्यामुळे लाकूड कोणी उचलायला तयार नाही. तीही माझ्यावर लिहून ठेवा हवं तर.

आणि एक. मी पडले हे ऊर्मीने तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या निरोपात भाताची चौकशी आहे, हळदीची आहे, सहीची आहे. हाताची नाही. मला ते लागलं. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, उत्तर नको.

सही अजून तुमच्या हातात नाही. पोंगल व्हायचा आहे.

अलकनंदा

वेलचेरी, १७ जानेवारी

अहो,

सही करणार नाही.

हे आधी लिहिलं, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल किंवा वाचणार नाही.

व्यापारी पुन्हा आला, पोंगलच्या तीन दिवस आधी. या खेपेला घरच्या पुरुषाची आठवण काढली नाही. आठ दिवस त्याची माणसं वेगवेगळ्या गावांत हळद शोधत होती. जिथे थोडी लावली होती तिथे ती वादळात सडली होती. त्याने सांगितलेला भाव मी दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा घेतला, तोही निम्म्याच जुड्यांना. उरलेल्या जुड्या टेम्पोत घालून वेलचेरीला आणल्या आणि पोंगलच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेर ताडपत्री अंथरून बसले. होय, रेल्वेतल्या साहेबांची बायको, जमिनीवर. ऊर्मी ऑफिसातून सुटी घेऊन जुड्या बांधत होती. अन्नपूर्णाबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून तमिळमध्ये अशा काही आरोळ्या देत होत्या की शेअर ऑटोवाले थांबून बघायचे. मधेच मला म्हणाल्या, "भाव कमी करूं नको मा. पोंगल काय उद्यां येतो, परवां पण येतो कां?"

संध्याकाळी ताडपत्री झाडून घडी घातली. पाच-सहा मोडक्या जुड्या उरल्या, त्या जिन्यावरच्या लोकांना वाटल्या.

खर्च निघाला, भातात गेलेलं निघालं आणि वर उरलं. अट पुरी झाली.

तुम्ही लिहिलंत, 'नशीब.' तेवढं नव्हतं, पण होतं. मी नको त्या वर्षी हळद लावली आणि वाफे उंच केले, ते माझं. भाव एवढा चढला तो लोकांची शेतं बुडाली म्हणून, ते माझं नाही. ते मी विसरत नाही. मुनियम्माच्या घरी पोंगलची जुडी घेऊन गेले तर ती पदराच्या गाठीतून पैसे काढायला लागली. मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली, आणि मग आम्ही तिच्या ओसरीवर गूळभात खाल्ला. तिच्या भांड्यात या वर्षीचा तांदूळ नव्हता, दुकानातून आणलेला होता. तो घशाखाली उतरवताना मला माझ्या चढ्या भावाचं फारसं कौतुक वाटलं नाही.

'नशीब'च्या पुढच्याच ओळीत तुम्ही म्हणता, 'आता पुढच्या वर्षी अख्ख्या शेतात हळदच लाव.' वाचून मी इतकी हसले की ऊर्मी आतून बघायला आली. जुलैत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि आता अख्खं शेत. तिकडे गावातही तेच चाललंय. ज्याला त्याला बियाण्याचे गड्डे हवेत. म्हणजे पुढच्या पोंगलला गाईंची चैन आहे. मी हळद लावणार नाही.

अलकनंदा

वेलचेरी, ६ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र आलं. कागदावर, पाकिटात, तिकीट लावून. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा अक्षर ओळखून मी दारातच पाकीट फोडलं, आणि त्याचा मला रागही आला.

बातमी खरी आहे. मुनियम्माच्या मुलांनी त्यांचं शेत गोदामवाल्यांना दिलं. भात गेलं, पुढच्या भातावर त्यांचा भरवसा उरला नाही, आणि एक मुलगा आधीच तिथल्या कारखान्यात लागला आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. मुनियम्मा सध्या माझ्याबरोबर कामाला येते आणि स्वतःच्या शेताकडे पाठ करून बसते. तिथे गोदामाच्या पायाचे खड्डे खणून झाले आहेत, पुढल्या महिन्यात भिंत चढेल.

गोदामवाल्यांचा माणूस माझ्याकडेही येऊन गेला. दुप्पट देतो म्हणाला. तुमच्या पत्रातही तेच आहे, 'दुप्पट, अलकनंदा, दुप्पट.' किती वर्षांनी तुम्ही मला नावाने हाक मारलीत, आणि ती नेमकी या वाक्यात.

नाही. पिकाचा भाव बघून मी पीक बदलते, ते माझं काम आहे. जमिनीचा भाव बघून मी सही करत नसते. तुम्हाला सांगलीत घर हवं असेल तर बांधा, त्यात मी आडवी येणार नाही. शेताच्या उत्पन्नातला तुमचा वाटा दर वर्षी पोंगलनंतर पाठवीन. तो तुमचा हक्क आहे. पण मला माईकवरून कुठेही नेता येणार नाही.

पत्राच्या शेवटी, नावाच्या खाली, बारीक अक्षरात 'हात बरा असेल' असं लिहिलंत. बरा आहे. फावडं धरता येतं. यायचं असेल तर या, किल्ली तुमच्याकडे आहे आणि कपाटात तुमचे शर्ट अजून टांगलेले आहेत. कागदपत्रं तेवढी आणू नका.

आता भिंतीचं. तिथे मात्र तुमचं म्हणणं मला पटलं, पटलं म्हणून लिहिते. मी मुनियम्माच्या बाजूने जाऊन उभी राहिले आणि उतार बघितला. भिंत झाली की आपलं पाणी त्या बाजूने जाणार नाही. वाफे कितीही उंच केले तरी खालचा भाग डिसेंबरभर बुडून राहील. शेताचं तळं होईल, असं तुम्ही लिहिलंत, आणि तळं कोण विकत घेणार, असं विचारलंत.

विकायचंच नाही, तर घेणाऱ्याची काळजी मी कशाला करू? तळं झालं तर कमळं लावीन. इथल्या देवळांत ती बारा महिने लागतात. कोयंबेडूच्या फुलबाजारात जाऊन काल मी भाव विचारून आले.

अलकनंदा